पायाखालची घोडी

काष्टीचा बाजार शनिवारचा. दौंडहून भीमेचा पूल ओलांडून नगरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात आमचं गाव येतं, आणि शनिवारी ते जरा लांबूनच ओळखू येतं. बैलांनी भरलेले टेम्पो, घुंगरांचे आवाज, उपरण्याखाली बोटं दाबून चाललेले सौदे आणि या सगळ्यावर तरंगणारी धूळ. गेल्या वर्षी अशाच एका शनिवारी चहाच्या टपरीवर शेजारच्या फेटेवाल्यांनी विचारलं, "काय पाव्हणं, काय घ्यायचंय?" मी खरं तर याच गावचा, पण वीस वर्षं नोकरीच्या निमित्तानं पुण्यात काढली की माणूस आपल्याच बाजारात पाहुणा ठरतो. मी म्हणालो, "घोडी घ्यायचीय."

"मग चुकलात. घोडी पाहिजे तर अकलूजला जा, न्हाईतर लांब सारंगखेड्याला. काष्टी बैलांची."

"तशी नव्हे हो. गवंड्याची घोडी. लोखंडी, घडीची."

फेटेवाले मनापासून हसले. "मग तसं सांगा की! तिला ना दाणा ना वैरण." आणि त्यांनी हातातल्या ग्लासानंच रस्त्यापलीकडच्या वेल्डिंगच्या दुकानाकडे खूण केली.

ही बिनवैरणीची घोडी घ्यायला मला तीस वर्षं लागली. ती का लागली, तेच आज सांगायचं आहे.

ज्यांनी आयुष्यात एकदा तरी घर बांधून घेतलं आहे, त्यांच्या घरात घोडी येऊन गेलेली असते. फक्त तिच्याकडे कुणी नीट बघितलेलं नसतं. बाहेरच्या भिंतीला बांबू आणि बल्ल्या बांधून उभी करतात ती परांची. ती रस्त्यावरून दिसते. घराच्या आत, खोलीतल्या खोलीत, भिंतीच्या वरच्या अंगाला आणि छताला गिलावा करायचा, तर एवढी बांधाबांध परवडत नाही. तिथे दोन घोड्या समोरासमोर ठेवायच्या, त्यांवर फळ्या टाकायच्या आणि मिस्त्रींनी वर उभं राहायचं. पाय फाकलेली, पाठ आडवी, म्हणून घोडी. सुताराला ती दाराची फळी आडवी टाकून रंधा मारायला लागते, रंगाऱ्याला छतापर्यंत हात पोचायला लागते. काम संपलं की ती निघून जाते. वास्तुशांतीच्या जेवणावळीत तिची आठवण कुणालाही होत नाही.

असे आधार आपल्याला नवे नाहीत. खळ्यावर धान्य उपणायला तीन पायांची उंच वावडी असायची. वाऱ्याची दिशा बघून ती उचलून फिरवायची. मोठं लाकूड कापायचं तर दोन बल्ल्यांची कैची बांधून त्यावर ओंडका तिरपा टेकवायचा. एक करवतवाला वर, एक खाली, आणि खालच्याच्या डोळ्यांत भुसा. आमच्या गावचे सुतार मात्र जमिनीवर बसून काम करायचे. वाकस चालवताना लाकूड धरायचं ते पायाच्या अंगठ्यानं आणि टाचेनं. त्यांच्यापुरता पाय हाच शिकंजा होता.

म्हणजे गरज पडली की आधार उभा करायची अक्कल आपल्याकडे होतीच. अडचण वेगळीच होती. हातातलं हत्यार ज्याचं त्याचं असतं. पायाखालचं मात्र कुणाचंच नसतं.

हे मला कळलं १९९४ च्या उन्हाळ्यात, पण तेव्हा ते शब्दांत सांगता आलं नसतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुन्या धाब्याच्या घराला लागून विटा-सिमेंटच्या दोन खोल्या काढल्या होत्या. मी बारा वर्षांचा, शाळेला सुट्टी. मिस्त्री आमच्याच आळीतले. नात्याचे कुणी नव्हेत, पण आई त्यांना दादा म्हणायची, म्हणून ते माझे मामा. सकाळी आठला मामांची सायकल यायची. मागच्या कॅरियरला घमेलं, घमेल्यात थापी, रंधा, ओळंबा, गुण्या आणि सुताची गुंडी. संध्याकाळी ही सगळी हत्यारं धुऊन, पुसून, पुन्हा त्याच क्रमानं घमेल्यात जायची. त्यांच्या थापीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

छताच्या गिलाव्याचा दिवस आला. घोडी नव्हती. ती कुणी आणायची हे ठरलेलंच नव्हतं. अण्णांनी कुठून तरी डांबराची दोन रिकामी पिंपं गडगडत आणली आणि प्रश्न मिटला असं सगळ्यांना वाटलं.

आता जरा हिशेब करू. दोनशे लिटरचं पिंप उभं केलं की साधारण तीन फूट भरतं. खोली दहा फूट उंच. मामा साडेपाच फूट. तीन आणि साडेपाच, साडेआठ. डोक्यावर उरले दीड फूट. हात वर केला तर छत लागतं, यात शंका नाही. पण गिलावा म्हणजे नुसतं हात लावणं नव्हे. माल छतावर मारायचा, दाबायचा, पाट्यानं ओढायचा, रंध्यानं घासायचा. त्यासाठी डोकं आणि छत यांच्यामध्ये वीतभर अंतर असलं तर हातात जोर राहतो. म्हणजे फळी हवी चार फुटांवर. पिंप एक फुटानं कमी पडत होतं.

"पोरा, पिंपावर चार थर विटा लाव बरं," मामा म्हणाले.

तीन इंचांची वीट, चार थर, बरोबर एक फूट. मी मोठ्या उत्साहानं विटा लावल्या. पिंपाचं तोंड गोल, त्याची कड वर आलेली, आणि वीट चौकोनी. सुक्या विटा एकीवर एक ठेवलेल्या, मध्ये ना चिखल ना सिमेंट. त्यावर फळी. मामा वर चढले, दोनदा पाय दाबून पाहिला, आणि काम सुरू झालं.

दुपारी तीनच्या सुमाराला अर्धं छत झालं होतं. बिगारी काम करणाऱ्या बाईंनी भरलेलं घमेलं वर दिलं, मामा ते घ्यायला वळले, आणि एका बाजूची वीट सरकली. आवाज फारसा झाला नाही. मामा उभेच्या उभे खाली आले, टाचेवर. माल त्यांच्या अंगावर सांडला होता आणि ते पहिल्यांदा म्हणाले काय, तर "थापी बघ रे कुठं पडली."

टाचेचं हाड मोडलं होतं. दौंडला दवाखाना झाला, प्लास्टर झालं, पावसाळा गेला. गाव म्हणालं, "चार फुटांवरून तर पडला!" आमच्या घरात म्हटलं गेलं, "त्याचंच ध्यान नव्हतं." अण्णांनी दवाखान्याचा खर्च दिला, दोन महिने ज्वारी पाठवली, आणि आपलं कर्तव्य झालं असं मानलं. त्या काळी एवढं करणाराही भला माणूस गणला जायचा. उरलेलं अर्धं छत दुसऱ्या मिस्त्रीनं केलं. विटाही होत्या, पिंपही होतं. त्यानंही तसंच केलं.

मामा पुढे कामावर आले, पण टाच जमिनीला पुरती टेकत नव्हती. छताचं काम त्यांनी सोडलं. जोत्याचं, पायऱ्यांचं, जमिनीलगतचं जे मिळेल ते करू लागले. कसबी मिस्त्रीची मजुरी वेगळी आणि फुटकळ कामाची वेगळी, हे सांगायला नको. विटा कुणी लावल्या होत्या, हे कुणी विचारलं नाही. मामांनीही सांगितलं नाही. मी तर नाहीच.

पुढे नोकरीत कारखान्यातल्या सुरक्षिततेची कागदपत्रं बघायची पाळी आली, तेव्हा त्या एका फुटाचा अर्थ हळूहळू लागत गेला. हात खांद्याच्या वर धरून काम केलं की खांदा लवकर भरून येतो, मान मागे वाकते, तोल बिघडतो. हाताखालचं काम कोपराच्या आसपास असावं, हा साधा नियम आहे. माणसाला कामाच्या उंचीपर्यंत ताणायचं नसतं, कामाची उंची माणसाला बेतायची असते. शिवाय फळीवरचा माणूस एकटा नसतो. त्याला खालून घमेलं देणारी बाई असते. फळी जितकी वर, तितकं तिला घमेलं डोक्याच्या वर उचलावं लागतं. म्हणजे घोडीची उंची दोन माणसांच्या अंगाचा विचार करून ठरवायची गोष्ट आहे.

हे फक्त गवंड्यांचं दुखणं आहे असं समजू नका. तुमच्या स्वयंपाकघरातला ओटा आठवा. बांधताना मिस्त्रींनी तो अडीच-पावणेतीन फुटांवर घेतला असेल. घरातल्या बाईची उंची विचारली होती का कुणी? उंच बाई आयुष्यभर वाकून पोळ्या लाटते, बुटकी बाई खांदे उचलून. आणि दिवाळीची साफसफाई? पंखा पुसायला पलंगावर स्टूल, स्टुलावर पाट, पाटावर आपल्या सौभाग्यवती, आणि खाली स्टूल धरायला शाळकरी मुलगा. पिंपावरच्या विटा त्या याच. घराघरात त्या रचल्या जातात आणि बहुतेक वेळा सरकत नाहीत, म्हणून आपल्याला त्या सुरक्षित वाटतात.

मग मामांकडे घोडी का नव्हती? गेल्या वर्षी मी त्यांना हे विचारलं. मामा आता सत्तरी ओलांडलेले. ते म्हणाले, "आरं, ती सायकलवर बसती का?"

उत्तर एवढ्यातच होतं. लाकडी घोडी चांगली, दणकट. पण दोन माणसांनी उचलायची. ती एकाच उंचीची. चार फुटी घोडी छताला बरी, पण खिडकीच्या वरच्या पट्टीला जास्त उंच, आणि छत जास्त वर असलं तर तीही बुटकी. लहान दारातून आत नेताना तिचे पाय अडकणार. शिवाय, मामा पुढे म्हणाले, "मालक म्हणतो मिस्त्रीनं आणावी. मिस्त्री म्हणतो कामावर मिळावी. ठेकेदार म्हणतो चार दिवसांचं काम, पिंपावर भागव."

घडी व्हावी, उंची कमी-जास्त व्हावी, एका माणसाला उचलता यावी. जगभरच्या कारागिरांची ही गरज एकच. गंमत म्हणजे सुतारकामाच्या बाबतीत ती सोडवणारा माणूस सुतार नव्हता. रॉन हिकमन मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, इंग्लंडात लोटस कंपनीसाठी मोटारींचे आराखडे करायचे. कंपनीची गाजलेली इलान मोटार त्यांच्या हातची. १९६१ मध्ये घरी कपाट करताना आधाराला त्यांनी एक चांगली खुर्ची घेतली आणि करवत लाकडाबरोबर खुर्चीतूनही गेली. आपण असतो तर खुर्ची अडगळीत टाकून बायकोची बोलणी खाल्ली असती. हिकमन यांनी घडी होणारं, लाकूड धरून ठेवणारं एक मेज तयार केलं. कंपन्यांनी ते नाकारलं. हे डझनांच्या हिशेबात खपेल, शेकड्यांच्या नाही, असंही त्यांना सांगण्यात आलं. मग १९६८ पासून त्यांनी ते स्वतःच विकायला सुरुवात केली. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅक अँड डेकर कंपनीनं ते हाती घेतलं आणि 'वर्कमेट' या नावानं ते जगभर गेलं. १९८१ पर्यंत एक कोटी मेजं खपली होती. हिकमन २०११ मध्ये वारले.

मला या गोष्टीत शोधापेक्षा नकाराचं जास्त वाटतं. ज्यांचा धंदाच हत्यारांचा, त्यांनाही हत्याराखालचा आधार ही विकत घ्यायची वस्तू आहे असं सुचलं नाही. काष्टीत आणि इंग्लंडात त्या बाबतीत फरक नव्हता.

आता मात्र घडीची लोखंडी घोडी आपल्याकडेही सहज मिळते. तिची रचना साधी आहे. दोन चौकटी वरच्या बाजूला बिजागरीनं जोडलेल्या. उघडल्या की पाय फाकतात, मिटल्या की भिंतीला टेकवून ठेवण्याएवढी चपटी घडी. पाय किती फाकावेत याला आवर म्हणून मध्ये साखळी किंवा पट्टी. वरची आडवी दांडी खालच्या पाइपात सरकणाऱ्या दुसऱ्या पाइपावर बसवलेली. दोन्ही पाइपांना ओळीनं भोकं. हवी ती उंची धरायची आणि आरपार पिन घालायची. म्हणजे सगळा भार शेवटी त्या बोटाएवढ्या पिनेवर येतो. हे ज्याला कळलं त्याला घोडी कळली.

बाकीच्या गोष्टी शहाणपणाच्या आहेत, आणि घर बांधून घेणाऱ्या प्रत्येकानं, विशेषतः दुपारचा चहा घेऊन कामावर जाणाऱ्या गृहिणींनी, त्या एका नजरेत तपासाव्यात. चारी पाय टणक, सपाट जमिनीवर आहेत ना? नव्या भरावाच्या मातीवर पाय रुतत जातो. पायाखाली वीट किंवा दगड घातलेला नाही ना? उंची पिनेनं वाढवायची, विटेनं नाही. फळी एकच अरुंद आहे की दोन-तीन शेजारी शेजारी? फळीचं टोक घोडीबाहेर फार पुढे आलं असेल, तर त्यावर पाय पडताच दुसरं टोक उचलतं; मुलांच्या बागेतली सी-सॉ तीच. ती टोकं दोरीनं बांधलेली असावीत. आणि फळी माणसाच्या डोक्याएवढी वर गेली की घोडीचं काम संपलं. तिथे कठड्याची परांचीच हवी. परांची आणि शिड्यांसाठी आपल्या मानक संस्थेनं आय.एस. ३६९६ हे मानक केलेलं आहे. पण ते मानक आणि आमच्या आळीतलं छत यांची गाठ क्वचितच पडते.

कायद्याचंही तसंच. बांधकाम कामगारांसाठी संसदेनं १९९६ मध्ये खास कायदा केला. मोठ्या कामांवर त्याचा उपयोगही झाला. पण दहा लाखांपर्यंतच्या खर्चात स्वतःचं राहतं घर बांधणाऱ्याला त्यातून वगळलेलं होतं. तो कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत विलीन झाला. कायदा कुठलाही असो, तीन माणसं आणि एक मालक असलेल्या खेड्यातल्या कामावर तपासनीस येत नाही. तिथे तपासनीस म्हणजे मालकच. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार आणि गवंडी धरून अठरा व्यवसायांना हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत ठेवली आहे. चांगली गोष्ट आहे. हत्यारांची यादी करताना आपल्या लोकांनी पायाखालच्या वस्तूलाही हत्यार म्हणावं, एवढंच माझं म्हणणं.

गेल्या वर्षी त्या दोन खोल्यांवर मी एक खोली काढली. सिमेंटच्या गोण्या येण्याआधी घोड्यांची जोडी आणि चार फळ्या आणल्या. खर्चाच्या वहीत अण्णांच्या सवयीप्रमाणे पहिली ओळ लिहिली, "घोडी, नग २." काम करणारा मिस्त्री तरुण होता. मामांना मी मुद्दाम बोलावलं होतं, बसून बघायला. जिना ते एकेक पायरी थांबत चढले.

छताच्या गिलाव्याच्या दिवशी मी पुण्याहून पोचलो तो काम थांबलेलं. मामा खुर्चीवर बसलेले, तरुण मिस्त्री अवघडून उभा. मामांच्या तळहातावर सळईचा एक वाकडा तुकडा होता. पिन कुठे तरी हरवली होती आणि पोरानं तिच्या जागी हा तुकडा अडकवला होता.

"थापी हरवली तर दिवसभर हुडकशील," मामा त्याला म्हणत होते, "आन हिला सळई?"

पिन वाळूत सापडली. मी बाजारातून वीतभर साखळी आणून ती घोडीलाच बांधून टाकली. काम पुन्हा सुरू झालं, आणि आम्ही दोघं कठड्याशी चहा घेत बसलो. तीस वर्षं तोंडाशी येऊन परत गेलेली गोष्ट मी तेव्हा बोललो. "मामा, तेव्हा पिंपावर विटा मी लावल्या होत्या."

मामांनी कप खाली ठेवला. "मला काय ठावं न्हाई व्हय? तू लावल्या, पण लाव म्हणालो मी. पिंपं आणली तुझ्या बापानं." मग जरा थांबून म्हणाले, "घोडी तेवढी कुणीच आणली न्हाई."

मला बरं वाटावं म्हणून ते बोलले असतील. पण मला वाटतं, त्यांनी हिशेब बरोबर केला होता. तिघांचीही त्यात थोडी थोडी चूक होती, आणि तिघांनाही ती आपली वाटली नाही.

खोली पूर्ण झाली. घोड्या मी विकल्या नाहीत. घडी करून जिन्याखाली ठेवल्या आहेत. आळीत कुणाचं काम निघालं की ते घेऊन जातात. भाडं घेत नाही. अट एकच, परत देताना साखळीला पिन असली पाहिजे. परवा पलीकडच्या घरातली बाई दिवाळीच्या सफाईसाठी एक मागायला आली. मिस्त्रींच्या घोडीवर बायकांनी चढायचं म्हणून तिला जरा हसू येत होतं. मामा आमच्या ओट्यावर बसले होते. ते तिला म्हणाले, "एक न्हाई, दोन्ही ने बाई. आन फळ्या बी ने. स्टूल राहू दे घरात."